सोंगाड्याची नाडी

  फराळाची ताटली शेजारी ठेवूनच वाचायला बसा, कारण आपल्या सदराचा यंदाचा मानकरी हसवणारा आहे. चिवडा घशात अडकला तर जबाबदारी त्याची.

सुरुवात आपल्या ब्युमॉन्टपासूनच करू. आपल्या वस्तीतलं ब्युमॉन्ट हाऊस हे १८व्या शतकात आर्थर गिनीज यांचं घर. काळ्या बिअरवाले तेच हे गिनीज. पुढे १९५१ मध्ये त्यांच्या कंपनीचे प्रमुख सर ह्यू बीव्हर वेक्सफर्डकडे शिकारीला गेले असताना, युरोपातला सगळ्यात वेगानं उडणारा शिकारीचा पक्षी कोणता, यावरून वाद रंगला. असे वाद मिटवायला एखादं पुस्तक असावं, अशी कल्पना त्यातून निघाली आणि १९५५ मध्ये गिनीजचं विक्रमांचं पुस्तक बाजारात आलं. त्याच गिनीज बुकात एका मराठी नटाची नोंद झाली. त्याच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले होते, म्हणजे प्रत्येक चित्रपट सलग २५ आठवडे चालला होता. या नटाचं नाव कृष्णा कोंडके. अख्खा महाराष्ट्र त्यांना दादा म्हणतो.

दादांचं नाव काढलं की आपल्या मंडळातल्या पहिल्या पिढीत लगेच दोन गट पडतात. एक गट डोळे मिचकावून हसायला लागतो. दुसरा गट स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणतो, "अहो, मुलं आहेत इथं." आणि मुलं बिचारी विचारतात, "दादा म्हणजे कुणाचा दादा?" आजचा लेख या तिघांसाठी आहे. पण खरं सांगायचं तर त्यातल्या मुलांसाठी जास्त.

आधी माणूस ओळखून घेऊ. दादांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईतल्या नायगावचा. घर गिरणी कामगाराचं, मूळ गाव भोरजवळचं इंगवली. नाव ठेवलं कृष्णा. लालबाग, परळ, नायगाव हा तेव्हाचा गिरणगाव. कोकणातली, घाटावरची माणसं चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायची आणि आपापल्या गावची बोली, भजनं, नमन, तमाशा बरोबर घेऊन यायची. दादा मुंबईत वाढले, तरी त्यांच्या जिभेवर खेडं कुठून आलं, याचं उत्तर या चाळींत आहे. गाव सोडून आलेल्या माणसांनी आपली भाषा तिथं जिवंत ठेवली होती. आपल्याला हे ऐकून काही आठवतंय का?

दादांनी 'अपना बाजार'मध्ये नोकरी केली, बँडपथकात वाजवलं आणि सेवादलाच्या कलापथकात कामं केली. निळू फुले आणि राम नगरकर हेसुद्धा याच सेवादलाच्या मुशीतले. दिवसा नोकरी आणि रात्री तालीम असं ते आयुष्य होतं. मग १९६५ मध्ये वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य रंगभूमीवर आलं आणि दादांचं नशीब पालटलं. या नाटकाचे दीड हजारांवर प्रयोग झाले.

आता दुसऱ्या पिढीसाठी थोडं थांबू. निवृत्त मास्तरची खोड आहे, विषय फोडून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. पोरांनो, तुम्ही दर नाताळात आईबाबांबरोबर गेइटी थिएटरला पँटो बघायला जाता ना? त्यात एक पुरुष म्हाताऱ्या बाईचं सोंग घेतो. नट गोष्ट मध्येच सोडून प्रेक्षकांशी बोलतो, आणि तुम्ही बसल्या जागेवरून ओरडून उत्तरं देता. काल-परवा बातम्यांत आलेल्या मंत्र्याची टिंगल आज रंगमंचावर होते. आपला तमाशाही साधारण असाच. आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात. गवळणींबरोबर एक मावशी असते, आणि ती मावशी म्हणजे बाईचं सोंग घेतलेला पुरुष. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे कथा. या सगळ्यात भाव खाऊन जातो तो सोंगाड्या. राजाच्या तोंडावर राजाला मूर्ख म्हणायची मुभा फक्त त्यालाच असते. त्याची वाक्यं बहुतेक वेळा लिहिलेली नसतात, समोर बसलेल्या गावाकडे बघून ती तिथल्या तिथं सुचतात.

'विच्छा'मध्ये दादा हवालदार झाले होते. कोतवालाची जागा रिकामी होते. ती आपल्याला मिळेल असं हवालदाराला वाटत असतं, पण वशिल्याचा माणूस ती पटकावतो. मग हवालदार आणि त्याची मैना मिळून नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग पळवण्याच्या भरीस घालतात. गोष्ट एवढीच. पण दादा तिच्यात रोजची ताजी बातमी मिसळायचे, त्यामुळे कालचा प्रयोग बघितलेला माणूस आज पुन्हा तिकीट काढायचा. आशा भोसले यांनी हे नाटक बघून दादांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं. भालजींच्या 'तांबडी माती'तून (१९६९) दादा पडद्यावर आले आणि दोनच वर्षांत स्वतः निर्माते झाले. त्यांचा पहिला चित्रपट होता 'सोंगाड्या'.

'सोंगाड्या'ची कथाही सबनिसांची आणि दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. आईच्या धाकात वाढलेला भोळा नाम्या तमाशा बघायला जातो, तिथल्या कलावतीच्या प्रेमात पडतो, आई त्याला घराबाहेर काढते आणि तो तमाशात शिरतो. आई झाल्या होत्या रत्नमाला आणि कलावती झाल्या होत्या उषा चव्हाण. दादरच्या कोहिनूर थिएटरात हा चित्रपट लागायचा होता, पण तिथं देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला जागा मिळणार असं दिसू लागलं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर पोचले आणि 'सोंगाड्या' लागला. त्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. पण हा चित्रपट जोरजबरदस्तीनं चालला, असं कुणी म्हणू शकणार नाही. थिएटर मिळवून देता येतं, २५ आठवडे प्रेक्षक कुणाला आणून बसवता येत नाहीत.

त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'तुमचं आमचं जमलं' (१९७६), 'राम राम गंगाराम' (१९७७) अशी रांगच लागली. 'पांडू हवालदार'चं दिग्दर्शन दादांनी स्वतः केलं. अशोक सराफ यांना घराघरांत पोचवण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. संगीतकार 'राम लक्ष्मण' हे नावसुद्धा दादांनीच ठेवलेलं. पुढे 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' यांची गाणी करणारे ते हेच. आणि दादांचा पडद्यावरचा गाता आवाज कुणाचा? महेंद्र कपूर यांचा. अमृतसरचा पंजाबी माणूस मराठी खेड्यातल्या भोळ्या गड्यासाठी गायला आणि कुणाला ते खटकलं नाही. आपला मराठी उच्चार नीट नाही म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत लपणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता शीर्षकातल्या नाडीकडे येऊ. पडद्यावरच्या दादांचा वेष ठरलेला. गुडघ्यापर्यंतची ढगळी चड्डी, वर सैल सदरा आणि चड्डीची पुढं लोंबणारी नाडी. या नाडीनं सभ्य महाराष्ट्राला फार छळलं. पण 'नाडी' हा शब्द बघा. आपल्यातले कितीतरी जण ब्युमॉन्टच्या रुग्णालयात नोकरीला आहेत, त्यांना रोज रुग्णाची नाडी बघावी लागते. तीही नाडी आणि चड्डीची तीही नाडीच. 'वैद्यानं नाडी धरली' या सरळ वाक्यावर कुणी हसलं, तर दोष वैद्याचा, वाक्याचा, की हसणाऱ्याचा?

दादांच्या विनोदाचं यंत्र असं चालतं. ते साधं वाक्य बोलतात आणि चेहरा तान्ह्या बाळासारखा ठेवतात. दुसरा अर्थ ते कधीच उच्चारत नाहीत, तो प्रेक्षक स्वतःच्या डोक्यात तयार करतो. मग दादा चकित होऊन आपल्याकडे बघतात, की अरे, तुम्ही हसताय कशाला? 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', 'ह्योच नवरा पाहिजे', 'आली अंगावर' ही चित्रपटांची नावं घ्या. प्रत्येक नावाचा एक निरुपद्रवी अर्थ हातात तयारच असतो. सेन्सॉरशी दादांच्या झालेल्या झटापटींचे किस्से म्हणूनच अजून चवीनं सांगितले जातात. कात्री लावायची तर कशाला? पडद्यावर तर काहीच नाही! आपल्या जुन्या काव्यशास्त्रात याला श्लेष म्हणतात. पंडितानं संस्कृतात केला की तो अलंकार ठरतो आणि गिरणगावच्या माणसानं मराठीत केला की अश्लील. यात भाषेपेक्षा माणसाच्या पायरीचा विचार जास्त आहे, असं मला वाटतं.

कपड्याच्या एका शब्दावरून सभ्य समाज हादरल्याचं उदाहरण आपल्या डब्लिनमध्येही आहे. २६ जानेवारी १९०७ रोजी अ‍ॅबी थिएटरात जे. एम. सिंग यांच्या 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तिसऱ्या अंकात नायकाच्या तोंडी 'शिफ्ट' हा शब्द आला आणि प्रेक्षागृहात गोंधळ उडाला. शिफ्ट म्हणजे बायकांचा आतला झगा, बस्स. पुढचे काही दिवस आरडाओरडा चालू राहिला, पोलीस बोलवावे लागले आणि कवी येट्स यांना नाटकाच्या बाजूनं उभं राहावं लागलं. चिडलेल्या लोकांचं म्हणणं असं, की आयरिश खेडूत असे नसतात, आमच्या बायाबापड्या असं बोलत नाहीत. आमच्या पुण्या-मुंबईतले सुशिक्षित दादांबद्दल नेमकं हेच बोलायचे. शहरातल्या माणसाला खेडं देव्हाऱ्यात बसवायला आवडतं. ते हसायला-बोलायला लागलं की पंचाईत होते. आज सिंग यांचं ते नाटक आयर्लंडची शान मानलं जातं.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी, कारण नुसती आरती ओवाळायला हे सदर नाही. दादांच्या उत्तरार्धातल्या चित्रपटांत साधा अर्थ पातळ होत गेला आणि दुसराच तेवढा उरला. 'सोंगाड्या'त आपण नाम्याच्या भोळेपणाला हसतो, आणि तो शेवटपर्यंत खरा वाटतो. पुढे पुढे भोळेपणा हे नुसतं निमित्त झालं. 'सोंगाड्या'तली कलावती स्वतःच्या कष्टांवर उभी आहे. नंतरच्या नायिकांच्या वाट्याला बहुतेक वेळा विनोदाचा विषय होणंच आलं. आपल्या मुलींनी ते बघून नाक मुरडलं, तर ती त्यांची समज आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. श्लेषाला दोन पाय लागतात. एक काढून घेतला की तो लंगडा होतो.

दादांनी दुसऱ्या भाषांतही हात मारून बघितला. 'पांडू हवालदार'चा गुजराती 'चंदू जमादार' झाला. 'तेरे मेरे बीच में' (१९८४), 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) असे हिंदी चित्रपटही आले. पण माझ्या मते मराठीतले दादा हिंदीत पुरते पोचले नाहीत. छोट्या भाषांतल्या विनोदवीरांचं हे जुनं दुखणं आहे. प्रागमध्ये व्लास्ता बुरियान (१८९१–१९६२) नावाचा नट होऊन गेला. चेक लोक त्याला विनोदवीरांचा राजा म्हणत. स्वतःच्या नावाचं थिएटर त्यानं चालवलं आणि १९३० मध्ये एकाच चित्रपटाची चेक आणि जर्मन अशी दोन्ही रूपं केली. आज चेक माणसं त्याच्यावर जीव टाकतात, बाहेर त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. आपल्या डब्लिनचा जिमी ओ'डी (१८९९–१९६५) घ्या. डोळ्यांच्या चष्म्याचं शिक्षण घेतलेला हा माणूस रंगमंचावर बिडी मलिगन नावाची भाजीबाजारातली ठसकेबाज बाई व्हायचा. डब्लिन पोट धरून हसायचं. जगाला तो माहीत आहे तो १९५९ च्या एका डिस्ने चित्रपटातला लेप्रकॉनचा राजा म्हणून. त्याची बिडी इथंच राहिली, कारण ती डब्लिनच्या बोलीत होती. 'विच्छा' रंगभूमीवर आलं त्याच वर्षी तो गेला.

विचार, तत्त्वज्ञान, विज्ञान हे सगळं भाषांतरातून कुठंही नेता येतं. विनोद सीमेवर अडतो. तो कळायला भाषा डोक्यात असून भागत नाही, अंगात मुरावी लागते. म्हणून मला वाटतं, मुलाला मराठी येतं की नाही याची खरी परीक्षा मराठी विनोदावर होते. ज्या दिवशी समजावून न सांगता त्याला हसू फुटलं, त्या दिवशी ती भाषा त्याची झाली.

आणि इथंच परदेशी राहणाऱ्या आपल्या घरांचा प्रश्न येतो. मुलांपर्यंत आपण कोणती मराठी पोचवतो? आरत्या, श्लोक, 'नमस्कार कर', 'जेवलास का', 'अभ्यास झाला का'. सगळं छान, सगळं सोवळं. भांडण, टवाळी, चावटपणा, टोमणे, कोपरखळ्या हे सगळं आपण आपापसांत दबक्या आवाजात करतो आणि मुलं आली की थांबवतो. मग त्यांच्या मनात मराठी म्हणजे देवघरातली आणि शिस्तीची भाषा, आणि हसायचं असेल तेव्हा इंग्रजी. तरुण पोरं हसायला जिथं जातात, तिथंच राहतात. पँटोमध्ये नट दुहेरी बोलतो तेव्हा मूल त्याच्या अर्थाला हसतं, बाप त्याच्या अर्थाला हसतो, आणि दोघं शेजारी शेजारी बसून एकाच वेळी हसतात. तिथं आपल्याला काही गैर वाटत नाही. मग मराठी लागलं की रिमोटकडे हात का जातो?

याचा अर्थ दादांचा प्रत्येक चित्रपट लहान मुलांसमोर लावा, असा नाही. निवड करा. 'सोंगाड्या'पासून सुरुवात करा. त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव' लावा. खेड्यात वाढलेला सदाशिव शहरातल्या श्रीमंत जन्मदात्यांच्या घरी येतो आणि तिथल्या रीतीभातींशी त्याचं काही केल्या जमत नाही. एका घरानं वाढवलं आणि दुसऱ्या घराचं नाव लागलं, हा पेच आपल्या मुलांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. याच कथेवर पुढे गोविंदाचा 'जिस देश में गंगा रहता है' निघाला. 'पांडू हवालदार' मोठ्या मुलांबरोबर बघा. जिथं ती हसली नाहीत तिथं चित्रपट थांबवा आणि शब्दाचे दोन्ही अर्थ सांगा. लाजू नका. आपण सांगितले नाहीत तर सांगणार कोण?

दादा १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत गेले. ज्या गिरण्यांच्या भोंग्यांवर त्यांचं बालपण गेलं, त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या होत्या. 'विच्छा' आणि 'सोंगाड्या' डोक्यावर घेणारा प्रेक्षक विखुरला होता. चाळींच्या जागी आता टोलेजंग इमारती आहेत. पण दादांचं एखादं वाक्य कुठंही ऐकू आलं, की साठी उलटलेली माणसं आठवीतल्या पोरांसारखी फिदीफिदी हसतात. ते हसू त्यांच्याबरोबर संपायला नको.

म्हणून यंदा बालमित्रांना गृहपाठ. मराठीचा आणि इथल्या इंग्रजीचा मिळून एक श्लेष तयार करा आणि सदराकडे पाठवा. सुरुवात मी करून देतो. थांब्यावर आजीच्या गप्पा काही संपत नाहीत. नातू म्हणतो, "आजी, बस!" आजी रागावून विचारते, "बस म्हणजे काय? गप्प बसू, बाकावर बसू, की गाडी आली?" नातू म्हणतो, "तिन्ही!"

याच्यापेक्षा चांगला श्लेष तुम्हाला नक्की सुचेल. पुढच्या दिवाळीत छापू. तोवर लाडू जपून खा आणि मराठीत मोठ्यानं हसा. शुभ दीपावली!